तुटके दाणे

सुनयनाने तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. मूठभर कच्चे तांदूळ तोंडात टाकल्याशिवाय हल्ली तिला चैनच पडत नसे. अक्षतांसाठी सकाळीच बरेचसे काढून घेतल्यामुळे पिंप तळाला गेलं होतं, आणि तळाशी तिच्या बोटांना काहीतरी कडक लागलं. तिने ओढून काढलं. लोहाच्या गोळ्यांची पाकिटं होती, बी-ट्वेल्व्हची, कॅल्शियमची. रबर लावून नीट बांधलेली.

"डॉक्टरांनी बंद करायला सांगतल्या," असं आई दिवाळीआधी म्हणाली होती. हैदराबादच्या डॉक्टरांना फोन आईनेच लावला होता, आणि सुनयनाने मुकाट विश्वास ठेवला. मग केस पुंजक्यांनी गळू लागले, बँकेचा जिना चढताना धाप लागू लागली. ती पांढरीफटक पडत चालली होती आणि गल्ली म्हणत होती, काय छान गोरी झाली पोरगी! काल गावातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात. कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही त्याचंच लक्षण, असं त्या म्हणाल्या. घरात त्याचा विनोद झाला होता. तांदूळ खाते, लग्नात पाऊस येणार.

बाहेरच्या खोलीत तिची आई पद्मिनीबाई आणि आशाबाई परात मधे ठेवून तांदूळ निवडत होत्या. आशाबाई म्हणजे नवऱ्यामुलाची, भार्गवची मावशी. तेलंगणातल्या मंचेरियलचं हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. अक्षतांना दाणा अखंड लागतो, म्हणून तुटके दाणे वाटीत पडत होते.

सुनयनाने पाकिटं परातीच्या कडेला आपटली.

"आई, ह्या काऊन लपवल्या?"

पद्मिनीबाईंचा चेहरा उतरला.

"ताकदीच्या गोळ्या हायेत त्या. ताकदीच्या गोळ्यांनी अंग भरते. तुह्या मामीचं पाह्यलं नाही का? एवढं सारं करून पुन्हा जाड झाली असतीस तर?"

ताकदीच्या! कुणीतरी कधीतरी गोळ्यांना हे नाव दिलं, आणि त्या एका शब्दापायी सख्ख्या आईने तिचं रक्त आटवलं. सुनयनाला इतका राग आला की परात उलथून टाकावीशी वाटली.

"एवढं सारं म्हंजे?" आशाबाईंनी विचारलं.

"काही नाही हो, ते पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन…"

"खड्यांचं नाही, मावशी," सुनयना म्हणाली. "वजन कमी करायचं. पोट कापून लहान केलं माझं. अन्नातून पुरेसं अंगी लागत नाही, म्हणून ह्या गोळ्या जन्मभर घ्या लागतात. हिनं त्या तांदळात पुरल्या."

आशाबाईंचा हात परातीतच थांबला.

"भार्गवले माहीत हाये?"

"नाही. आईनं शपथ घातली होती."

"सुनयना," पद्मिनीबाई हळूच म्हणाल्या, "लग्न होऊन जाऊ दे. मग सांग."

"तोवर गोळ्या कुठं लपवू? त्यांच्या पिंपात?"

तिने पाकिटातून एक गोळी काढून पाण्यासोबत गिळली आणि भार्गवला फोन लावला. रिंग वाजत राहिली. आशाबाईंनी हात झटकून मांडीवर ठेवले.

पद्मिनीबाई मात्र मान खाली घालून पुन्हा निवडू लागल्या. परातीत आता तुटका दाणा उरला नव्हता. त्या अखंड दाणे उचलून वाटीत टाकत होत्या.