सावली पुसणारा दिवा

मित्रांनो, माझ्याकडे फार वेळ पाहू नका, अजूनही डोळे दिपतील. मी एका फोटो स्टुडिओतला जुना दिवा आहे. पत्र्याचे गोल तोंड, तीन पायांचा स्टँड, आणि हात लावाल तर चटका बसेल असा तापट स्वभाव. कारखान्यातून निघालो तो थेट माझ्या मालकांकडे आलो. ते फोटोग्राफर.

चेहऱ्यावर सावली पडता कामा नये, हा त्यांचा नियम. "सावली पडली की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही," असे ते म्हणत. म्हणून मला नेहमी समोर उभे करत आणि पुढे उजेड मऊ करणारी पांढरी छत्री लावत. नवरा-नवरी, रडकी बाळे, नोकरीच्या अर्जासाठी आलेले घाबरट चेहरे, सगळ्यांना मी उजळून टाकले. लोक मालकांचे कौतुक करत, तेव्हा मीही मनातून फुलून जाई. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली.

मला खाली उतरवले ते मालकांच्या मुलीने. ती सिनेमा शिकत होती आणि एक थरारपट बनवत होती. खुनी कोण, हे ठाऊक असलेला पहारेकरी झाले होते तिचे बाबाच. दिव्याचे कामही त्यांनीच अंगावर घेतले. सवयीप्रमाणे मी समोर, पुढे छत्री. झाले! खुनाची खोली दुकानाच्या काचेसारखी लखलखली. वर्गात तो प्रसंग पाहून मुले खो खो हसली. शिक्षिका म्हणाल्या, "यात भीती कुठंय? सगळंच तर दिसतंय. नीट उजेड लावून पुन्हा शूट कर."

पण त्याच सुमारास बाबांना पक्षाघाताचा झटका आला. ते वाचले, मात्र चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली. कोणी भेटायला आले की ते आतल्या खोलीत जाऊन बसत. मुलीने सिनेमाचा विषयच काढला नाही. शेवटी तेच म्हणाले, "माझ्यापायी अडलंय ना तुझं? चल, करून टाकू."

तिने छत्री काढली आणि मला त्यांच्या उजव्या हाताला ठेवले. उजवा गाल उजळला, डावा अंधारात बुडाला. खोली आता खरोखर भयाण दिसू लागली. बाबांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर स्वतःला पाहिले.

"अर्धा बाप कुठं लपवलास गं?"

ती गडबडली. "बाबा, असाच लावतात दिवा... आणि तुम्हाला कुणी हसायला नको."

"त्या पहारेकऱ्यानं काय काय सोसलंय, ते तोंडावर दिसायला नको का? दिवा राहू दे तिथंच. मी वळतो."

कॅमेरा सुरू झाला. "मी त्याला ओळखतो," एवढेच वाक्य होते. शब्द अडखळले. ते बोलता बोलता बाबा हळूहळू माझ्याकडे वळले. ओघळलेली पापणी, ओठाचा वाकडा कोपरा, सगळे माझ्या उजेडात आले. मित्रांनो, मी असंख्य चेहरे पाहिले, पण इतका धीट चेहरा पाहिला नव्हता. खोलीत कोणीही हसले नाही.

"अगं, कट म्हण की," बाबा म्हणाले.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंवरची धूळ अधूनमधून पुसा, हे मागणे तर आहेच. पण त्याहून मोठे मागणे असे, की आपल्या माणसाचे दुखणे मायेपोटी झाकायला निघालात, तर आधी त्याला विचारा.