शून्यानं सुरू होणारा नंबर

पिनेच्या बरोबर खाली ते शून्य होतं. पिन त्याच्या पोटातून आरपार गेलेली, म्हणून चार दिवस कुणाला ते दिसलंच नव्हतं, आणि आता सकाळी आठ वाजता, एक हात चहाच्या कपावर आणि एक पत्रावर, नखानं पिन उचकटताना तिला दिसलं — शून्य, मग तीन, मग आठ… तिनं कप बाजूला सरकवला. ज्या देशात कायमचं जायचं ठरलं होतं, तिकडच्या कचेरीची तीन पत्रं, एकाच पाकिटातून आलेली. नवऱ्याचं, तिचं, लेकीचं. प्रत्येकावर दोन नंबर. वरचा लांबलचक, तो अर्जाचा. तिघांचा अर्ज एकच, म्हणून तो तिन्ही पत्रांवर सारखा. खालचा नऊ आकडी, तो माणसाचा. अर्ज मंजूर होवो नाहीतर केराच्या टोपलीत जावो, माणसाचा नंबर बदलत नाही, असं पत्राच्या मागे बारीक अक्षरात छापलं होतं. तिला ते वाचायची गरज नव्हती. वीस वर्षं ती इस्पितळाच्या नोंदणी विभागात हेच करत आली होती.

नवऱ्याचा नंबर संपत होता सातशे एकतीसवर. लेकीचा सातशे तेहतीसवर. मधे सातशे बत्तीस हवा, आणि तो तिचा हवा, कारण अर्जात नवरा, बायको, मूल याच क्रमानं नावं होती. तर तिच्या पत्रावर हे शून्यानं सुरू होणारं काहीतरी भलतंच. नवऱ्याचा आणि लेकीचा दोनशे चौदानं सुरू झालेला आणि तिचा शून्य अडतीसनं… म्हणजे एका घरातले तिघं एकाच रांगेत उभे राहिले आणि त्यातल्या एकीला कुणीतरी उचलून पार मागे नेऊन ठेवलं.

"अगं, छापताना चुकलं असेल," नवरा मोजे चढवत म्हणाला. "तू पण ना! आकडा दिसला की झाली तुझी ड्यूटी सुरू."

"असं छापताना चुकत नाही."

"बरं बाई, नाही चुकत. पण आज शेवटचा दिवस आहे, पाचनंतर ते अर्जाचं ऑनलाइन पान बंद होतं. माझं भरून झालंय, पोरीचं झालंय. तुझ्या एका पानासाठी अडलंय सगळं. एजंटला फोन कर आणि पाठवून टाक."

त्या पानावरचा चौदावा प्रश्न. यापूर्वी आपल्या नावे कुणी अर्ज केला होता का? हो की नाही. काल रात्री जेवण झाल्यावर तिनं नाहीवर खूण केली होती, बिनधास्त, जांभई देत. कोण करणार माझ्या नावे अर्ज? खाली एक वाक्य होतं, वर लिहिलेलं सर्व खरं आहे, खोटं आढळल्यास संपूर्ण कुटुंबाचा अर्ज कायमचा रद्द होईल. त्याच्याखाली सहीची जागा. सही तेवढी राहिली होती.

स्वयंपाकघरातून आईचा खोकला ऐकू आला, आणि तिनं, का कोण जाणे, पत्र उलटं करून ठेवलं.

*

नोंदणी विभागात सकाळी गर्दी असते आणि गर्दीत विचार करता येत नाही, हे बरं. पण आज येत होता. समोरच्या बाई सांगत होत्या की आपण इथं कधीच आलो नाही, पहिल्यांदाच आलोय, आणि संगणक सांगत होता की आलाय, एकोणीस वर्षांपूर्वी, माहेरच्या नावानं. "बाळंतपणाला आला होतात का?" तिनं विचारलं. बाईंनी एकदा मागे वळून बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ते घरी माहीत नाही हो." तिनं मान हलवली आणि नवीन दिलेला नंबर खोडून बाईंना त्यांचा जुना दिला. नियम साधा आहे. एका माणसाच्या दोन फायली निघाल्या तर जुना नंबर राहतो, नवा रद्द होतो, आणि रद्द झालेला नंबर पुन्हा कुणालाही देत नाहीत. ती जागा तशीच मोकळी राहते.

मोकळी जागा… सातशे बत्तीस!

तिचा हात कळफलकावर थांबला. म्हणजे तिकडेही कुणीतरी, तिच्याचसारखं कुणीतरी टेबलाशी बसून, तिला आधी सातशे बत्तीस दिला होता. मग नाव, जन्मतारीख, बापाचं नाव टाकल्यावर पडद्यावर जुनी फाईल उघडली. ही बाई आपल्याकडे आधीपासून आहे. मग त्यानं नवा नंबर रद्द केला आणि जुना लिहिला, वर पिन मारली, आणि जेवायला गेला.

मी आधीपासून आहे. तिकडे. मी तर तो देश नकाशातसुद्धा नीट बघितला नव्हता, मुद्दाम बघितला नव्हता, कारण बाबा तिथं गेले होते. मी सहा वर्षांची असताना गेले, आणि नंतर… नंतर काही नाही. आईचं एकच वाक्य. "त्यानं विचारलंसुद्धा नाही." शाळेत कुणी विचारलं की मी हेच सांगायची, त्याच सुरात, आईसारखीच मान झटकून. विचारलंसुद्धा नाही. त्या वाक्यावर मी वाढले म्हटलं तरी चालेल. माझ्या लग्नाच्या आधी आठ दिवस त्यांचं पत्र आलं, जाडजूड पाकीट, आणि मी ते न उघडता परत पाठवलं, पोस्टातल्या माणसानं "नक्की ना?" असं विचारलं तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! नऊ वर्षांपूर्वी ते वारल्याचं कुणीतरी कळवलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती, ती घालत राहिली. मला रडू आलं नाही. आलं नाही याचंही कौतुक वाटलं.

"मॅडम, माझं कार्ड?" रांगेतल्या माणसानं विचारलं, आणि तो तिसऱ्यांदा विचारत असावा.

दुपारच्या सुट्टीत जिन्याखाली उभी राहून तिनं एजंटला फोन लावला. एजंट घाईत होता, एजंट कायम घाईतच असतो. "नाही लिहा हो वहिनी, चौदावर सगळे नाहीच लिहितात."

"माझा नंबर शून्यानं सुरू होतोय."

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"शून्य अडतीस का?… थांबा जरा. त्या मालिकेला तीस-तेहतीस वर्षं झाली असतील. तेव्हा तुम्ही किती, दहा?" त्याचा आवाज एकदम हळू झाला. "वहिनी, नाही लिहू नका. त्यांच्याकडे फाईल आहे आणि तुम्ही नाही म्हणताय, म्हणजे संपलंच. तिघांचंही. हो लिहा. पण मग खाली तपशील लागेल. कुणी अर्ज केला, कुठल्या नात्यानं, आणि पुढं का बंद पडला. त्यांच्या कागदांशी जुळायला हवं. घरात कुणी वडीलधारं आहे ना, सांगू शकेल असं?"

"आहे," ती म्हणाली.

 आईला विचारायचं. सहा महिने झाले, जायचं ठरल्यापासून या विषयावर आईशी धड बोलणंच झालेलं नाही. नवऱ्याची नोकरी, लेकीचं शिक्षण, सगळं बोलून झालं. आईचं काय, तर आईचं नाव या अर्जात बसत नाही. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, मूल, असं तिकडच्या कचेरीचं म्हणणं. आईसाठी वेगळा अर्ज, तोही तिकडे चार-पाच वर्षं राहिल्यावर. आई शहात्तर वर्षांची आहे. "मी जाईन की मावशीकडे तुझ्या," आई म्हणाली होती. "दोघी म्हाताऱ्या भांडत बसू. तुम्ही व्हा पुढं." आणि ती किती पटकन 'बरं' म्हणाली होती! त्या पटकनची लाज तिला महिनाभर पुरली होती, आणि मग सवय झाली.

*

साडेतीनला ती घरी आली. आई स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत बसली होती. आईची बोटं अजून झपाझप चालतात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडायच्या दोऱ्या ओढल्या आणि खोचल्या त्या बोटांनी. तिनं पत्र टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं, समोरची खुर्ची ओढली, बसली, उठून पाणी प्यायली, परत बसली.

"काय गं येरझाऱ्या घालतेस?" आई म्हणाली. "बोल की एकदाचं."

कसं विचारायचं हे ती वाटेत सगळं ठरवून आली होती. आधी अर्जाचं सांगायचं, मग नियम, मग सहज, अगदी सहज, की आई, तुला काही आठवतं का. ते सगळं बाजूला राहिलं. तिनं पत्र समोर धरलं आणि नुसता नंबर वाचायला लागली. "शून्य तीन आठ…"

"एक एक दोन," आई म्हणाली. बोटं थांबली नाहीत. "नऊ शून्य पाच."

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं.  कागदावर तेच होतं. एक एक दोन, नऊ शून्य पाच.

"तुला पाठ आहे."

"मला सगळेच नंबर पाठ राहतात. तुला माहीत आहे."

"आई!"

आईनं सोललेले दाणे एका बाजूला केले. तिच्याकडे बघितलं नाही. "तू दहाची होतीस. तुला बोलवायचं होतं त्याला तिकडे. एकटीला. माझं नाव नव्हतं त्यात. मुलीला नंबर मिळालाय, तेवढा आईच्या संमतीचा कागद सही करून पाठवा, असं कचेरीचं पत्र आलं. मी नाही केली. पुन्हा एक कागद आला, तोही ठेवून दिला. मग दोन वर्षांनी कळवलं त्यांनी, फाईल बंद केली म्हणून."

"तू म्हणायचीस, त्यांनी विचारलंसुद्धा नाही."

"हो."

"हो काय? हो काय आई? जन्मभर मी…" वाक्य पुढं जाईना. मी ते पाकीट परत पाठवलं, असं तिला म्हणायचं होतं, नक्की ना, असं पोस्टातल्या त्या माणसानं विचारलं होतं मला, आणि मी हो म्हणाले, ताठ मानेनं, तुझ्यासाठी, तुझ्या त्या एका वाक्यासाठी, आणि त्यात काय होतं ते आता जगात कुणालाच माहीत नाही. पण तोंडातून आलं ते एवढंच, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर गेली असतीस."

"दहा वर्षांची होते मी!"

"म्हणूनच. दहा वर्षांच्या पोरीला विमान दाखवलं की ती जाते." आई शेंग हातात धरून बसली, सोलली नाही. "त्याला तू हवी होतीस, हे खरं आहे. चोरलं मी ते तुझ्यापासून. माझ्याजवळ तुझ्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं गं. मी म्हटलं, हिला राग आला तर त्याचा येऊ दे." आणि मग, नेहमीच्या खरखरीत आवाजात, "किती वाजले? पाचला बंद होतं ना तुमचं?"

चार वाजून दहा मिनिटं. तिनं लॅपटॉप तिथंच टेबलावर उघडला, शेंगांची टरफलं सरकवून. चौदावरची खूण काढली, हो केलं. खाली चौकटी उघडल्या. अर्ज कुणी केला — वडील. त्यावेळचं वय — दहा. अर्ज बंद होण्याचं कारण… तिची बोटं कळफलकावर नुसतीच टेकून राहिली.

"लिही," आई म्हणाली. "आईनं संमती दिली नाही. आणि माझं नाव पूर्ण घाल, त्या कागदांवर होतं तसं. जुळायला हवं ना?"

तिनं लिहिलं. आईचं नाव त्या अख्ख्या अर्जात पहिल्यांदा आलं, आणि ते असं आलं. नवऱ्याचा फोन आला, तिनं थरथरणारा मोबाइल पालथा घातला. सगळं खरं होतं आता, एकूण एक चौकट भरलेली. सगळ्यात शेवटी, सहीच्या वर, अजून एक ओळ होती जी तिनं काल वाचलीही नव्हती. अर्जदार सज्ञान असल्यामुळे इतर कुणाच्याही संमतीची आवश्यकता नाही.

कुणाच्याही. तिनं ती ओळ दोनदा वाचली. राग यायला हवा होता तो येतच होता, तेहतीस वर्षांचा, व्याजासकट, छातीत मावेना इतका. पण तो जायला हवा तिकडे जात नव्हता. बापाला नाकारलं, फसवलं, खोटं सांगितलं, याचा राग होताच, पण त्याच्याआड दुसरंच काहीतरी उभं होतं आणि ते तिला ओळखता येईना… ही बाई दोनदा नाही म्हणाली होती. सरकारचे शिक्के असलेल्या कागदांना. एकटी, एक्स्चेंजच्या पगारावर, एका मुलीसाठी. इतकी हवी होते मी हिला.

"पाठव की," आई म्हणाली. "कशाला थांबलीस? वेळ जाईल उगाच."

किती सहज म्हणाली. की सहज नव्हतं ते? नाही म्हणायला तेव्हा जेवढं बळ लागलं असेल तेवढंच आता 'पाठव' म्हणायला लागत असेल, हे तिला कळत होतं, त्रेचाळीस वर्षांच्या बाईला कळायला हवं तितकं सगळं कळत होतं. आणि तरी ती आईच्या तोंडाकडे बघत राहिली, सहीच्या चौकटीवर बोट ठेवून, हट्टानं, एखाद्या दहा वर्षांच्या पोरीनं बघावं तशी, की आता म्हणेल, आता तरी म्हणेल नाही… आणि ही का म्हणत नाही, मला अडवत का नाही ही या वेळी, याचा तिला इतका राग आला, इतका, की समोरची अक्षरं दिसेनाशी झाली.