केवळाबाईंचा श्वास

मी एक जुनी काळी रबरी पिशवी आहे, मित्रांनो. लातूरच्या एका रुग्णालयात, भूल देण्याच्या यंत्राला मी लटकलेली असते. भूल दिलेला माणूस माझ्यातून श्वास घेतो. त्याला तो घेता येईनासा झाला, की डॉक्टर मला दाबतात आणि हवा त्याच्या छातीत जाते.

कारखान्याच्या साच्यातून निघाले तेव्हा मी मऊ आणि चकचकीत होते. "हिच्यातून श्वास हाताला कळतो," असं भूलतज्ज्ञ सौदामिनी मॅडम म्हणाल्या होत्या. पुढे आपोआप श्वास देणारं यंत्र आलं. आता माणूस झोपी जातो, तेवढ्या वेळेपुरतंच माझं काम उरलं आहे. पण खरा धोका तेवढ्यातच असतो.

एकदा देवणीजवळच्या खेड्यातून केवळाबाई आल्या. पित्ताशयात पू झाला होता, शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत नव्हती. टेबलावर पडल्या पडल्या त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ही काय वो, गाईची कास का?"

"धार काढायलाच लावलीय," आरती सिस्टर म्हणाल्या. "हसा, पण हात हलवू नका."

मॅडमनी भीती कमी करणारं औषध थोडंसं दिलं. मग वेदना मारणारं. दुधासारखं पांढरं, झोपेचं तिसरं औषध अजून हातातल्या सिरिंजमध्येच होतं. मित्रांनो, ही औषधं एकमेकांना जोर देतात. त्यांच्यात एक आणि एक दोन होत नाहीत, कधी चार होतात. म्हणून प्रत्येकाचं माप कमी ठेवावं लागतं, आणि मॅडमनी ते ठेवलंही होतं.

तरी केवळाबाईंचे डोळे मिटले. मी फुगत होते, आकसत होते. मग मंदावले. मग थांबले.

मॅडमनी पांढरी सिरिंज खाली ठेवली, मास्क घट्ट धरला आणि मला दाबलं. रक्तातला प्राणवायू कमी होईल तसा मॉनिटरचा आवाज खाली खाली उतरत होता.

"आरती, मुलाला दाराशी बोलाव."

केवळाबाईंचा मुलगा सटवाजी दारात येऊन उभा राहिला.

"आई झोपेसाठी काही घेते?" मॅडमचा हात मला दाबतच होता.

"एक बी गोळी न्हाई मॅडम. सकाळीच सांगितलं की."

"गोळी नाही. दुसरं काही?"

"पुडी हाय. बाजारात एक बाबा देतो. झाडपाल्याची हाय, ती काय औषध न्हाई."

"आज दिली?"

"लई भ्याली होती. दोन दिल्या. पाणी घोटभरच दिलं. तुम्ही उपाशी ठिवा म्हणालता."

"पुडीत झोपेची गोळी कुटून घातलेली दिसते," मॅडम सिस्टरना म्हणाल्या. म्हणजे मॅडमचं पहिलं औषध खरं तर दुसरं होतं; पहिलं पुडीतून आधीच पोटात गेलं होतं.

त्या मला दाबत राहिल्या, एका लयीत, घाई न करता. मॉनिटरचा आवाज हळूहळू वर चढला. मग मॅडमनी पांढरं औषध थेंबाथेंबानं दिलं आणि नेहमीच्या निम्म्यावरच थांबल्या. रक्तदाब घसरला, सगळ्यांची नजर आकड्यावर खिळली. तो सावरला, तेव्हाच सर्जनना सुरुवात करायला सांगितलं.

शुद्धीवर येताच केवळाबाईंनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "काढली का धार?"

"काढली, मावशी," मॅडम म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या.

तेव्हापासून आरती सिस्टर "गोळी घेता का?" एवढंच विचारून थांबत नाहीत. पुडी, काढा, चूर्ण, सगळं विचारतात. मित्रांनो, तुमच्या घरातलं कोणी टेबलावर जाणार असेल, तर तुम्हीही सगळं सांगा. ज्याला तुम्ही औषध म्हणत नाही, तेही सांगा.

माझं मागणं एकच आहे. माझ्या मानेशी रबर आता कडक होऊ लागलं आहे. रोज सकाळी मला फुगवून पाहा. ज्या दिवशी हवा सुटेल, त्या दिवशी माझी जुनी सेवा आठवू नका. मला काढून टाका. खाली कोणाची तरी केवळाबाई असेल.