चार बोटे वाढलेले आयुष्य

गंगापूर रोडवरच्या त्या मंगल कार्यालयात लग्न नव्हते, तरी चपलांचा ढीग फाटकापर्यंत आला होता. साल १९९८. निफाडचे बागाईतदार, घोटीचे तांदळाचे व्यापारी, निवृत्त अभियंते, दोन वकील आणि एक दंतवैद्य असे तीन-चारशे लोक आपले मरण पुढे ढकलून घेण्यासाठी शिस्तीत बसले होते. वाढीव वर्षांत करणार काय, असे मी शेजारच्या दोघांना विचारले. एक म्हणाला, "नातवाचं लग्न बघीन." दुसरा म्हणाला, "भावाविरुद्धच्या दाव्याचा निकाल ऐकीन." दुसऱ्याला वीस वर्षे वाढवून मिळाली तरी पुरतील की नाही, याची मला शंका होती.

व्यासपीठावर चिरायुनाथ महाराज बोलत होते. "अमेरिकेत शास्त्रज्ञ उंदराचं आयुष्य वाढवतात. वाढवू देत! उंदीर त्यांचे, माणसं आमची. तुमच्या प्रत्येक सेलमध्ये एक सूत असतं. ते श्वासागणिक झिजतं. आम्ही ते फक्त चार्ज करतो!"

विधी साधा होता. गोदावरीच्या तीर्थात भिजवलेले सूत माणसाच्या टाचेपासून टाळूपर्यंत धरून तेवढेच कापायचे. मग त्याच्या नावाची चिठ्ठी लावून, खाली पितळी मणी अडकवून, ते एकवीस दिवस काचेच्या कपाटात टांगायचे. या काळात माणसाने महाराजांचा काढा प्यायचा. एकविसाव्या दिवशी तेच सूत त्याच माणसाला लावायचे. ते डोक्याच्या वर दोन बोटे, तीन बोटे, कधी चार बोटे उरे. एका बोटाची पाच वर्षे.

आमच्या भागात आजारी लेकराच्या उंचीइतके सूत मोजून त्याची वात देवीपुढे जाळणारी घरे आजही आहेत. सूत म्हणजेच देह, हे समीकरण महाराजांना कुणाला शिकवावे लागले नाही. ते त्यांना आयते मिळाले.

आणि भिमाजी सरही आयते मिळाले.

भिमाजी सर आमचे शाळेतले विज्ञानशिक्षक. भानामतीच्या नावाने पेटणाऱ्या कपड्यांमागचा फॉस्फरस त्यांनी आम्हाला वर्गात पेटवून दाखवला होता. "सिद्ध कर, मग वाक," हे त्यांचे वाक्य मी आयुष्यभर बाळगले. आता एकोणऐंशीव्या वर्षी तेच सर महाराजांच्या उजव्या हाताला बसत. सूत बदलले जाऊ नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना स्वतः लाख लावून शिक्का मारत, आणि पोलादी टेपने प्रत्येकाची उंची दोनदा घेत. "माणूस तेवढाच, सूत तेच," ते जाहीर करत. "मग वाढलं काय?" सभागृह ओरडे, "आयुष्य!"

माझी थोरली बहीण वत्सला मधुमेही. दिवसातून दोनदा इन्शुलिन. महाराजांचा नियम होता की एकवीस दिवस सुई टोचायची नाही, सुईने सूत तुटते. सुईने सूत जोडले जाते, हे शिंप्याच्या दुकानात क्षणभर उभा राहिलेला माणूसही सांगेल. मी ताईशी भांडलो.

"तू मोठा प्रोफेसर," ती म्हणाली, "पण तुला अक्कल शिकवली कुणी? सरांनीच ना? त्यांचा शिक्का आहे त्याच्यावर."

त्याच दिवसापासून तिने सुई बंद केली. फसवणूक कुठे आहे, हे मलाही दाखवता येत नव्हते.

एकविसाव्या दिवशी ताई लंगडत आली. पायात जाड मोजे होते. "चप्पल चावली," म्हणाली. तिचे सूत चार बोटे वाढले होते. टाळ्या पडल्या.

पुढचा क्रमांक नूरबानोंचा होता; त्यांचे सूत आज पहिल्यांदाच मोजून कापायचे होते. मालेगावच्या या म्हातारीला तिच्या मुलाने, निजामने, आणले होते. तो पिढीजात विणकर. आईच्या टाचेशी धरलेले ओले सूत त्याने सवयीने चिमटीत फिरवले आणि त्याला हसू आले.

"महाराज, याला पीळ लय दिलाय वो. असला धागा पाण्यात आखडतो. वाळला, वर वजन टांगलं, की परत लांब. आमच्या कारखान्यातली पोरंसुद्धा सांगतील."

"श्रद्धा नसेल तर उठा!"

"उठतो की. आधी या बाईंचं सूत भिजवून दाखवतो." त्याने ताईचे सूत हातात घेतले.

"नळाचं पाणी अपवित्र असतं!"

"मग तुमचंच तीर्थ द्या ना, साहेब."

सभागृह हसले. महाराजांना नकार देता येईना. निजामने ताईचे सूत तांब्यात बुडवले, काढले, सैल सोडून तिच्या पाठीला लावले. ते बरोबर तिच्या टाळूवर येऊन थांबले. लाखेचे दोन्ही शिक्के शाबूत होते.

"अम्मी, चल," निजाम म्हणाला. "वीस साल गये पानी में."

लोक कपाटाकडे धावले. महाराज मागच्या दाराने निघाले होते. मी सरांकडे पाहिले. त्या गोंगाटात एकट्या त्यांनाच आश्चर्य वाटलेले नव्हते.

त्याच संध्याकाळी मोजा काढला तेव्हा ताईची बोटे काळी पडलेली होती. चार दिवसांनी गुडघ्याखाली पाय कापावा लागला.

सर इस्पितळात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सर, तुम्हाला कधी कळलं?" ताईने विचारले.

"तुझं सूत टांगलं त्या पहिल्याच आठवड्यात. माझं सूत घरी भिजवून पाहिलं होतं." त्यांनी खिडकीकडे तोंड वळवले. "ते सहा बोटं वाढलं होतं, वत्सला. खोटं आहे हे कळूनही... मला मरायची फार भीती वाटते गं."

"पहिल्या आठवड्यात माझा पाय चांगला होता, सर."

ते गेले. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेलो नाही.

आयुष्य वाढते. स्वातंत्र्याच्या वेळी या देशातला माणूस सरासरी पस्तिशीही गाठत नव्हता; आज साठीला पोचतो. हे गाळलेल्या पाण्याने, लशींनी आणि त्याच सुयांनी केले, ज्या महाराजांनी वर्ज्य ठरवल्या. उद्या प्रयोगशाळा आणखी वर्षे देईलही. तेव्हा ती आधी कुणाला मिळावीत, गंगापूर रोडवरच्या नव्वदीतल्या सधन माणसाला की पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यात पाचव्या वर्षाआधी जाणाऱ्या लेकराला, हा प्रश्न आपल्याला सोडवावा लागेल. तो शहाण्या माणसांचा प्रश्न आहे आणि अवघड आहे. तोवर एवढे करा: कुणी तुम्हाला आयुष्य देऊ करील, तर त्याची सही, पदवी, पांढरे केस पाहून मान डोलवू नका, तो माणूस तुमचा गुरू असला तरीही. स्वतः तपासा. आणि तपासून जे खोटे निघेल, ते त्याच दिवशी मोठ्याने सांगा. उशीर झाला, तर किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी शरीरातून वसूल होते.