माझ्यावर जागा होती

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच उरलो आहे.

नांदगावच्या एका शाळेत सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं. चांगला भिंतभर लांब होतो मी. दरवर्षी मुलं कोळसा आणि पानांचा रस चोळून मला काळा करीत. गुरुजी म्हणत, याच्यावर खडू लोण्यासारखा चालतो. पुढे गुळगुळीत पांढरे फळे आले आणि मी सायकलींच्या मागे धूळ खात उभा राहिलो. शेवटी गुरुजींच्या मुलाने, विश्वेशने, मला टेम्पोत घालून नाशिकला आणलं.

तिथे गंगापूर रोडवरच्या एका खोलीत दर रविवारी विश्वेश आणि आणखी काही मंडळी जमत. नोकऱ्या सांभाळून ती मराठी पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर बनवत होती. ते सगळ्यांना फुकट मिळणार होतं, आणि ज्याला जमेल त्याने उघडून त्यात भर घालावी, अशी मुभाही होती. कामाची सूत्रं तेजस्विनीकडे. पहिल्याच रविवारी तिने माझ्या कोपऱ्यात चौकट आखून लिहिलं, 'दिवाळीआधी'. खाली एकच ओळ होती, 'पुस्तक वाचता आलं पाहिजे.'

ही घाई त्याच गल्लीतल्या यशश्रीसाठी होती. तिला दिसत नाही. ती बारावीला होती. आई कामावरून आली की धडे वाचून दाखवायची, पण इतिहासापर्यंत पोचेतो तिचा घसा बसायचा.

मग सूचना येऊ लागल्या. कुणाला बाईचा आवाज हवा होता, कुणाला पुरुषाचाही. मालेगावच्या एकाने अहिराणी मागितली. विश्वेश म्हणाला, "ते अहिराणी बोलायला लागलं, तर माझी आजी त्याच्याशीच भांडत बसेल." सगळे हसले, आणि अहिराणीही माझ्यावर चढली. फुकट राबणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, ही तेजस्विनीची अडचण. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटं नाही.

मला अपराधी वाटतं ते इथेच. मी लहान असतो, तर कुणीतरी म्हटलं असतं, आता जागा नाही. पण माझ्यावर नेहमीच जागा असे. रिकामं राहणं मला कमीपणाचं वाटे, आणि ओळी वाढल्या की मी मनातून फुलून जाई.

चौकटीतली दिवाळी पुसून संक्रांत आली. मग तीही पुसली. नव्या आवाजांनी आधी नीट चालणारं वाचनही बिघडवलं. दरम्यान यशश्रीची परीक्षा होऊन गेली.

निकालानंतरच्या रविवारी ती आईबरोबर आली. इतिहासात नापास झाली होती. पेढे आणता येईनात म्हणून चिवडा घेऊन आली होती. ती मला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत गेली. बोटांना खडू लागतच राहिला.

"ताई, दिवाळीत यातलं काय तयार होतं?"

तेजस्विनी म्हणाली, "वाचायचं तयार होतं. बाकीचं नव्हतं."

"मग तेवढंच द्यायचं ना. मला आवाज कसाही चालला असता."

चिवड्याला कुणी हात लावला नाही.

दिवाळीतली प्रत संगणकात जपून ठेवलेली होतीच. तीच त्या संध्याकाळी सगळ्यांसाठी खुली झाली. पुढच्या रविवारी तेजस्विनीने निवृत्तीकाका सुतारांना बोलावलं आणि मला मधोमध कापायला सांगितलं. काका म्हणाले, "लय चांगलं सागवान हाय ताई, कशाला तोडता?" तिने खडूने मधोमध रेघ आखून दिली. करवत लागली तेव्हा दुखलं, पण नको म्हणावंसं वाटलं नाही.

आता माझ्यावर थोडंच मावतं. नवं लिहायचं तर जुनं काहीतरी पुसावं लागतं. अहिराणी पुढच्या आवृत्तीसाठी थांबली आहे. विश्वेश तसं आजीला सांगूनही आला. चौकटीत आता एकदा लिहिलेली तारीख मात्र कुणी पुसत नाही.

माझा दुसरा अर्धा भाग यशश्रीच्या घरी टेबल झाला आहे. त्यावरचा संगणक कोरड्या, यंत्रासारख्या आवाजात इतिहास वाचतो आणि ती पुरवणी परीक्षेचा अभ्यास करते. तिचा निकाल अजून लागायचा आहे.

मित्रांनो, कुणी तुमची वाट पाहत असेल, तर जेवढं तयार आहे तेवढं आधी त्याच्या हाती द्या. फळ्यावर रिकामी जागा राहिली, तर राहू द्या. मला तिची लाज वाटायची. वाटायला नको होती.