परतीचं प्रस्थान

तार आली तेव्हा पिपरी मेघे गावातल्या देवकाबाईच्या वाफ्यात वांगी नुकतीच फुलावर आली होती. तार तिच्या एकुलत्या लेकाच्या, सुटीवर घरी आलेल्या प्रेमदासच्या नावानं. तो तेलाच्या जहाजावर भंडारी होता, खलाशांना रांधून घालायचा. या खेपेला जहाज इराणच्या बंदराला जाणार होतं, आणि तिकडे इराण-इराकची लढाई सरता सरत नव्हती. यायचं नसेल त्यानं तसं कळवावं, दुसरं जहाज मिळेल, असं तारेत होतं.

"तुमचं जहाज कोनाकडून लढून राह्यलं?" देवकाबाईनं विचारलं.

"कोनाकडूनच नाई व माय. आमी तेल भरतो अन् येतो."

"मंग तुमाले काऊन मारून राह्यले?"

"बाजारात दोन सांड भिडले तं टोपली कोनाची उलटते?"

वर्ध्याच्या बाजारात देवकाबाईची टोपली अशीच उलटली होती. टमाटे कुठच्या कुठे घरंगळले, आणि सांड आपले शिंगांत शिंगं घालून उभे.

"तू नाई म्हन, मी नाई जात," प्रेमदास म्हणाला. "पन माह्यासंगचे समदे चालले. त्याइले रांधून कोन घालीन?"

दिवसभर ती वाफ्यांना पाणी वळवत राहिली. 'नाई' अगदी ओठांशी आलेलं. पण टोपली उलटली म्हणून तिनं तरी बाजार कुठे सोडला होता? भिंतीच्या कडेला बसायला लागली होती, एवढंच.

"तुमाले तिथं भिंत कोनती?" तिनं जेवताना विचारलं.

"रातच्याले जहाजाच्या पुढच्या टोकाले झोपतो. मार बसला तं मांगं, इंजिनाच्या अंगाले बसते."

"जाजो मंग. पन माह्यं एक आयकजो."

जायच्या दिवशी मुहूर्त साधत नसला की चांगला दिवस पाहून आधीच गाठोडं शेजाऱ्याच्या घरी ठेवतात. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघाला. याला म्हणतात प्रस्थान. देवकाबाईनं ते उलटं फिरवलं. लेकाचं धोतर, दुपट्टा आणि लोटा फडक्यात बांधला आणि शेजारच्या चतुराबाईकडे नेला.

"हे याच्या परतीचं प्रस्थान. वापस आला का तो आधी तुह्या घरी येईन, हे घेईन, मंग माह्या दारी."

"म्हंजे तुह्या पोराचं धोतर मी सांभाळाचं?" चतुराबाई म्हणाली. "लगन करून देनं त्याचं, मी मोकळी होतो." आणि गाठोडं तिनं चुलीमागच्या खुट्टीवर टांगलं.

प्रेमदास गेला. वांगी तोडून झाली, मेथी उगवली. मेथी निवडताना देवकाबाई गुणगुणायची,

बाळ गेला समिंदरी, वाट त्याची पान्यातून,
शेजीबाईच्या घरून येते अंगनी वळून.

एका सकाळी रेडिओनं सांगितलं, आखातात तेलाच्या जहाजावर बॉम्ब पडला. जहाजाचं नाव तिला नीट कळलंच नाही. हातातली जुडी तशीच घेऊन ती चतुराबाईच्या घरात शिरली. चुलीमागची खुट्टी रिकामी होती.

देवकाबाईनं खुट्टीवरून हात फिरवला.

"तिकडं काय पाह्यतं? इकडं पाहा," चतुराबाई म्हणाली. गाठोडं बाहेरच्या दाराशी टांगलेलं होतं. "चुलीमांगून माजघरात आनलं, माजघरातून इथं. पोरगं घरी निघालं ना व? मंग एकाच खुट्टीवर किती दिवस बसवाचं त्याले?"

देवकाबाई गाठोड्याकडे पाहत राहिली. ते खरंच चालत आलं होतं. उंबऱ्यापर्यंत.

"च्या घेतं?" चतुराबाईनं विचारलं. देवकाबाईनं मान डोलावली, आणि हातातली मेथी तिच्या चुलीशी ठेवली.

हरभरा घाट्यावर आला तेव्हाची गोष्ट. देवकाबाई वाफ्यात वाकलेली. कुंपणापलीकडून चतुराबाईचा आवाज आला, "अंदर ये बाप्पा, आधी च्या घे, मंग ने तुह्यं धोतर." आणि त्यामागून एक हसणं आलं, जरा घोगरं, ओळखीचं.

ती उठली. दोन पावलं टाकली, आणि थांबली. त्यानं आपल्या पायानं यायचं, गाठोडं घेऊन. तसंच ठरलं होतं.

ती पुन्हा वाफ्यात बसली आणि त्याच्यासाठी कोवळी कोवळी मेथी ओटीत खुडायला लागली. चहा व्हायला चतुराबाईकडे नेहमीच वेळ लागायचा.