बुधवारची सुट्टी

कोच रॉइस टिडवेल यांच्या कचेरीत मंगळवारी दुपारी जो प्रश्न उपस्थित झाला, तो त्यांच्या मते प्रश्नच नव्हता. शुक्रवारी दोन वाजता सामन्यापूर्वीची अखेरची उजळणी. तिला जो उशिरा येईल, तो सामन्याचा पूर्वार्ध बाकावर काढील. नियम एका ओळीचा होता, दारावर चिकटवलेला होता आणि अलाबामातल्या त्या गावात राज्यघटनेहून अधिक लोकांना पाठ होता.

शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघातील बचावफळीचा कणा, सुलेमान पेटवे, टेबलापुढे उभा होता. यंदा चार सामन्यांचे पूर्वार्ध त्याने बाकावर काढले होते. शुक्रवारी तो जुम्याच्या नमाजासाठी शेजारच्या गावी जाई आणि कितीही घाई केली तरी दोन वाजून वीस मिनिटांच्या आत परतू शकत नसे.

"सर, या शुक्रवारी विद्यापीठाचे निवडकर्ते येतायत," तो म्हणाला. "त्यांना पुढे दुसरा सामना गाठायचाय. पूर्वार्ध बघून निघणार ते. मी बाकावर असलो, तर शिष्यवृत्ती गेलीच."

"मग वेळेवर ये."

"उजळणी थोडी पुढे ढकलली तर, सर? सामना सातला आहे."

"हे बघ, तुझ्या देवावर माझा राग नाही. पण कुणाच्याही देवाचं घड्याळ बघून मी संघ चालवत नाही. उद्या जो तो आपापला देव घेऊन येईल. नियम सगळ्यांना एकच!"

"बरं, सर," म्हणून मुलगा निघून गेला.

कोचना स्वतःच्या समदृष्टीचे समाधान वाटले. माणूस दुष्ट नव्हता. गेल्याच आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात कुणी म्हणाले होते, "नमाज पढायचाय तर तो परक्यांचा सॉकर खेळ म्हणावं, नाहीतर जा आपल्या देशात!" तेव्हा कोचनीच त्याला झापले होते: "कुठल्या देशात रे? पेटव्यांची सहावी पिढी आहे या तालुक्यात. तुझा आजा टेनेसीहून आलाय!" पूर्वग्रह म्हणजे काय, हे कोचना उत्तम ठाऊक होते. तो इतरांना असतो.

बाहेरच्या टेबलावर हॅरिएटबाई ओगल्ट्री बसत. एकतीस वर्षे शाळेचे वेळापत्रक त्या टंकत होत्या आणि त्याहून अधिक वर्षे गावच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये गात होत्या. उघड्या दारातून सारे ऐकू गेले होते. त्या कागद घेऊन आत आल्या.

"कोच, उद्याचा सराव किती वाजता लिहू?"

"उद्या? बाई, उद्या बुधवार."

"ते कळतं मला. सराव किती वाजता?"

"बुधवारी सराव नसतो."

"का नसतो?"

"का म्हणजे? बुधवार आहे म्हणून!"

"दर बुधवारी पाऊस पडतो?"

कोच हसले. "थट्टा पुरे. संध्याकाळी पोरं चर्चला जातात. तुम्हीच तर त्यांच्याकडून गाणी बसवून घेता."

"म्हणजे कुणाच्या तरी देवाचं घड्याळ बघता तुम्ही."

कोचचे हसू जागीच थिजले.

"ते वेगळं," ते पुटपुटले. "ती इथली पद्धत आहे."

"पद्धत! मी इथं लागले तेव्हा बुधवारीही सराव व्हायचा. आमच्या पाद्रींनी तेव्हाच्या कोचना विनंती केली, त्यांनी बुधवार सोडून सोमवारचा सराव वाढवला. झालं! शिस्त बुडाली असं कुणी म्हटलं नाही, समजूतदारपणा म्हणाले. तीच विनंती या पोरानं वीस मिनिटांसाठी केली, तर लगेच नियम आठवला?"

"सुट्टी सगळ्यांनाच असते, बाई. त्यालाही!"

"असते ना. कधी खिडकीतून बघा. दर बुधवारी तो एकटा मैदानाभोवती धावत असतो." बाईंचा आवाज खाली आला. "अडीचशे वर्षांपूर्वी आपल्याच बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांना व्हर्जिनियात तुरुंगात डांबलं होतं, कोच. का, तर परवान्याशिवाय प्रवचन केलं म्हणून. तिथल्या न्यायाधीशानंही म्हटलं असेल, नियम सगळ्यांना एकच."

कोचनी वेळापत्रक ओढून घेतले. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत बुधवारचा रकाना कोरा होता. कारण कुठेच लिहिलेले नव्हते. इतरांना अर्ज करून जे मागावे लागते, ते आपल्याला न मागता मिळत होते!

"अरे देवा," ते म्हणाले. "चार सामने!"

उजळणी अडीचला ठरली. गुरुवारी संघाच्या एका देणगीदाराचा फोन आला. "वाकलास ना त्यांच्यापुढे?"

"बुधवारी तुमच्यापुढे वाकतो," कोच म्हणाले, "तेव्हा तक्रार केली नाहीत कधी."

शुक्रवारी सुलेमान पहिल्या मिनिटापासून मैदानात होता. चेंडू घेऊन धावणाऱ्याला त्याने सात वेळा लोळवले. मध्यंतरात निवडकर्ते कोचजवळ आले.

"पोरगा पक्का आहे. पण चार सामन्यांच्या चित्रफितींत पूर्वार्धात हा दिसतच नाही. भानगड काय? बेशिस्त असला तर आत्ताच सांगा. असली डोकेदुखी आम्ही घेत नाही."

खांदा दुखावला होता, असे म्हटले असते तरी भागले असते. मुलगा वाचला असता आणि कोचही.

"बेशिस्त होती," कोच म्हणाले. "माझी!" आणि त्यांनी काहीही न वगळता सारे सांगितले.

निवडकर्त्यांनी वही मिटली. त्यांच्या नजरेत कोचविषयी आदर नव्हता. कोचनी तो अपेक्षिलाही नव्हता. "सोमवारी त्याच्या आईला फोन करतो," एवढे बोलून ते गाडीकडे वळले.

नागरिकहो, बहुसंख्यांचा धर्म वेळापत्रकात इतका मुरलेला असतो की तो धर्म म्हणून दिसतच नाही. दिसतो तो दुसऱ्याचा. तेव्हा "नियम सगळ्यांना एकच" असे ठणकावण्यापूर्वी तो कुणाची सोय पाहून बेतला गेला, आणि कुणाला विचारलेच गेले नाही, एवढे तपासून पाहा. मात्र वेळेत तपासा. सुलेमानला पुढचे सामने मिळाले. ते चार पूर्वार्ध त्याला कोणीही परत देऊ शकत नाही.